ग्राफिक्स कार्ड तापतंय? आधी थर्मल पेस्ट बघा

गेम सुरू केला की कॉम्प्युटर अडखळतो, पंखा घोंघावतो. लगेच "कार्ड गेलं, नवीन घ्या" असा सल्ला मिळतो. थांबा! आधी पंख्यातली धूळ काढा. तरीही तापत असेल, तर थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते.

असं का होतं? चिप आणि हीटसिंक गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यावर सूक्ष्म खाचा असतात. त्यांत हवा अडकते. तांबं हवेपेक्षा सुमारे १५ हजार पट चांगलं उष्णतावाहक आहे. म्हणजे अडकलेली हवा उष्णतेची वाटच अडवते. पेस्ट त्या खाचा भरते.

कृती:
१) वीज बंद करून कार्ड काढा, थंड होऊ द्या.
२) स्क्रू सोडा, पंख्याची वायर अलगद काढा.
३) जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.
४) संपूर्ण चिप झाकेल असा पातळ थर द्या. पेस्ट तांब्याइतकी उष्णतावाहक नसते, म्हणून जाड थर नको.
५) मेमरीवरचे थर्मल पॅड जपा, त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही.
६) समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा.

वॉरंटी चालू असेल तर मात्र कार्ड उघडू नका, आधी विचारा. नसेल, तर छोटीशी ट्यूब हजारो रुपयांचं कार्ड वाचवू शकते. करून बघा!