चोराचा ‘च’ आणि जर्मन दात

‘चोर’ आणि ‘चिमणी’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. दोन्ही ‘च’ सारखेच आले का? मराठीत ते वेगळे आहेत. चोराच्या ‘च’ला जीभ दातांमागे टेकते, चिमणीच्या ‘च’ला टाळूकडे जाते. लिपीत अक्षर मात्र एकच.

गुजरातीत चिमणीचाच ‘च’ आहे. निजामपुऱ्यात शेजारी, भाजीवाले, खेळगडी बहुतेक गुजराती बोलणारे. म्हणून आपल्या मुलांचा चोरही चिमणीसारखा होतो. माझी भाची सुट्टीत पुण्याला गेली, तेव्हा मामेभावंडे तिच्या ‘चूल’ला इतकी हसली की पोर दोन दिवस गप्पच होती.

तिला मी जर्मन भाषेची गोष्ट सांगितली. संस्कृतात ‘दश’, ‘द्वि’, ‘दन्त’ असे ‘द’ने सुरू होणारे शब्द आहेत. त्यांचे इंग्रजी भाऊबंद टेन, टू, टूथ. म्हणजे ‘द’चा ‘ट’ झाला. जर्मन आणखी पुढे गेली: त्सेन, त्स्वाय, त्सान. हा ‘त्स’ म्हणजे जवळजवळ आपल्या चोराचाच ‘च’! हे बदल आळसाने झाले नाहीत, नियमाने झाले. परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी थोरल्या याकोबने 1822 साली ते नियम नीट मांडले. डेन्मार्कच्या रास्कने त्याआधीच, 1818 मध्ये, त्यातले बरेच दाखवले होते.

‘ट’चा प्रवास अजून चालू आहे. लंडनचे पुष्कळ लोक ‘वॉटर’मधला ‘ट’ जिभेने म्हणतच नाहीत. खोकण्याआधी घसा क्षणभर बंद होतो ना, तसा तो मिटतात आणि ‘वॉ-अ’ म्हणतात. आपल्याकडे सुरतेचा माणूस ‘सारुं’ला ‘हारुं’ म्हणतो, तोही नियमानेच.

म्हणून भाचीचे काही चुकले नव्हते. तरीही मला तो ‘च’ जावासा वाटत नाही. ‘हे जग मोठे आहे’ आणि ‘सुखाने जग’ यांतले दोन ‘जग’ कानाला वेगळे लागतात, ते मग एकच होतील. ‘माझा’ म्हणताना दातांकडे असलेली जीभ ‘माझी’ म्हणताना टाळूकडे सरकते, ही गंमतही जाईल.

आजी घरात असेल तर तिला चूल, चिखल, चांदणे, जीभ, जुना हे शब्द म्हणायला सांगा. डोळे मिटून ऐका, आणि कोणता ‘च’, कोणता ‘ज’ ते वहीत लिहा.