दसऱ्याच्या सुटीतही शिक्षक कामावर. प्रश्न जबाबदाऱ्यांच्या वाटपाचा

म्हैसूरच्या दसरा महोत्सवास 22 सप्टेंबर 2025 रोजी प्रारंभ झाला. त्याच दिवशी कर्नाटक राज्य मागासवर्ग आयोगाचे सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षणही सुरू झाले. घरोघरी जाऊन माहिती नोंदवण्याचे काम मुख्यत्वे शिक्षकांवर सोपवण्यात आले होते. शाळांना सुटी असल्याने अध्यापनात खंड पडणार नाही, असा हिशेब होता. मात्र 7 ऑक्टोबरपर्यंत काम पूर्ण न झाल्याने मुदत 18 ऑक्टोबरपर्यंत वाढवण्यात आली आणि सरकारी व अनुदानित शाळांची सुटीही लांबली. बुडालेले तास पुढे जादा वर्ग घेऊन भरून काढायचे होते. विद्यार्थ्यांची सुटी वाढली, शिक्षकांची संपली. या कामासाठी मानधन होते, पण मानधन विश्रांतीची जागा घेऊ शकत नाही.

अशा सततच्या ताणातून येणाऱ्या अवस्थेला 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात तिची नोंद आजार म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे होत. शाळेत ती सहज नजरेआड होतात. शिक्षक रोज वर्गावर हजर असतो, पण वह्या तपासायच्या राहतात आणि मुलांच्या शंकांना त्रोटक उत्तरे मिळू लागतात.

योगाभ्यासासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या म्हैसूरमध्ये योगशिबिराचा उपाय कोणालाही प्रथम सुचेल. त्याने थकवा कमी होईलही. कामाचा भार तेवढाच राहतो.

हा भार मर्यादित ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 मधील कलम 27 नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांची नेमणूक करता येत नाही. राज्याच्या सर्वेक्षणाचा या यादीत उल्लेख नाही. कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकासाठी आठवड्याला किमान 45 तास धरले आहेत. त्यात पाठाच्या पूर्वतयारीचाही समावेश आहे. म्हणजे तयारी हे घरी उरकायचे काम नव्हे. निवडणुकीचे कामसुद्धा शक्यतो सुटीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2007 मध्ये सांगितले होते. त्या निकालाने शाळेचे तास वाचले. पण सुटीचा दिवसही शिक्षकाला आवश्यक असतो, हा मुद्दा मागे पडला.

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने ऑगस्ट 2024 मध्ये शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक व अशैक्षणिक अशी विभागणी करणारा शासन निर्णय काढला. पण अशी यादी केल्यावरही शाळेतल्या शाळेत कामे कोणाकडे जातात, हे पाहावे लागते. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे, शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामे बहुधा 'नाही' न म्हणणाऱ्या एकाच शिक्षकाकडे साचतात. मुख्याध्यापकांनी ती वर्षारंभी लेखी वाटून दिली आणि दर सत्राला फिरवली, तर त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. 2027 ची जनगणना कायद्याने मान्य केलेल्या कामांत मोडते, त्यामुळे तिच्यासाठी शिक्षकांना जावे लागेल. प्रगणकाचे काम करणाऱ्या शिक्षकाला त्या काळात उरलेल्या नोंदवह्यांतून मोकळे ठेवणे मात्र शाळेच्या हाती आहे.