लाटा एकमेकींस भेटतात तेव्हा

जुन्नर तालुक्यातील घाटघर हे नाणेघाटाजवळचे गाव. लगतच जीवधन किल्ल्याचे उभे कडे आहेत. अशा कड्यासमोर काही अंतरावर उभे राहून टाळी वाजविली, की तीच टाळी क्षणभराने परत ऐकू येते. तेथील गुराखी मुलास हे निराळे शिकवावे लागत नाही. ध्वनी हवेतून सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. टाळी व प्रतिध्वनी यांत एक सेकंद गेला, तर कडा १७० मीटरवर आहे असे समजावे. कारण ध्वनीस जाऊन परत यावयाचे असते. (हा प्रयोग सपाटीवरून करावा. घाटाच्या धारेशी मुलांस नेऊ नये.)

येथवर मुले सहज येतात. अडते ते पुढे. दोन लाटा समोरासमोर आल्या म्हणजे काय होते, असे विचारता 'आपटतात आणि मोडतात' असे उत्तर येते, आणि पुष्कळदा तेच बरोबर म्हणून मान्य केले जाते. वस्तुतः तसे होत नाही. कासऱ्यासारखा लांब दोर फरशीवर पसरून दोन मुलांनी दोन टोके धरावीत व एकाच बाजूस एकदमच एकेक झटका द्यावा. दोन्ही उंचवटे मध्ये भेटतात तेथे क्षणभर जवळजवळ दुप्पट उंचवटा दिसतो. मग प्रत्येक आपल्या वाटेने पुढे जातो. आता झटके विरुद्ध बाजूंस द्यावेत. भेटीच्या क्षणी दोर सरळ होतो. लाटा नाहीशा झाल्या काय? नाही. दोर सरळ दिसला तरी तो स्थिर नसतो. त्याचा मधला भाग त्या क्षणीही वेगाने हलत असतो, व त्या हालचालीतूनच दोन्ही लाटा पुन्हा उमटतात. मुलांस हे चटकन पटत नाही. प्रयोग चारपाच वेळा करावा. एक टोक खुंटीस घट्ट बांधल्यास लाट तेथून परत फिरते, परंतु उलटी होऊन.

वर्गातही हेच चालते. गुळगुळीत भिंती, फरशी आणि वर पत्रा असलेल्या खोलीत शिक्षकाचा शब्द अनेकदा परतून उशिरा कानी येतो व पुढच्या शब्दावर पडतो. मागे बसलेल्या मुलास आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. अशा मुलास दुर्लक्षी ठरविण्यापूर्वी त्यास पुढे बसवून पाहावे, सावकाश बोलावे, मागील भिंतीवर जाड सतरंजी किंवा गोणपाट टांगावे. खोली रिकामी असताना व मुलांनी भरलेली असताना एकेक टाळी वाजविल्यास फरक कानांस कळतो. मुलांची अंगे व कपडेही ध्वनी शोषून घेतात.