उभ्या गाडीचे दुखणे

यंत्र चालून झिजते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते नुसते उभे राहूनही बिघडते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. आपल्या मराठी घरांतून हा अनुभव आता वारंवार येऊ लागला आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी गेली. बेळगाव, इंदूर वा बडोद्याच्या घरी आईवडील दोघेच उरले आणि डिझेलची मोटार अंगणात कापडाखाली उभी राहिली. गणपतीला मुलगा येतो, किल्ली फिरवितो. गाडी मात्र ढिम्म. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर तर हे घरोघर घडले. मग कोणी घाईने नवी बॅटरी आणतो, कोणी शेजारची पोरे जमवून धक्का मारवितो, कोणी वैतागून गाडी भंगारात देण्याची भाषा बोलू लागतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दोष बहुधा किरकोळ असतो. तो कोठे आहे हे न पाहताच उपाय योजिला जातो. रात्रीबेरात्री वडीलधाऱ्या माणसास दवाखान्यात न्यावे लागले, तर याच गाडीवर घराचा भरवसा असतो. म्हणून हा विषय वाटतो तितका क्षुल्लक नाही.

या इंजिनाचा स्वभाव प्रथम समजून घ्यावयास हवा. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. येथे ठिणगीच नाही. सिलिंडरातील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापते आणि तीत डिझेलचा बारीक फवारा पडताच पेट घेतो. सायकलीत हवा भरताना पंप गरम लागतो, तोच हा नियम. अर्थात, गाडी सुरू होण्यास तीन गोष्टी हव्यात : इंजिन जोराने फिरणे, हवा पुरेशी तापणे आणि स्वच्छ डिझेल अखंड पोहोचणे. दीर्घ मुक्काम या तिन्हींवर घाला घालतो.

पहिला बळी बॅटरीचा. ती वापरली नाही तरी आपोआप उतरते. उन्हाळ्यात अधिक वेगाने. पूर्ण भरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब १२·६ व्होल्टच्या आसपास असतो. तो १२ वर आला की ती बरीचशी रिकामी झाली असे समजावे. दिवे लागतात म्हणून बॅटरी ठीक आहे, हा समज खोटा आहे. दिव्यास थोडी वीज पुरते. डिझेल इंजिन फिरविणाऱ्या सेल्फला शेकडो अँपिअर लागतात.

दुसरे कारण हवेचे. रबरी नळ्या वाळतात, वॉशर सैल होतात, त्यांतून हवा शिरते आणि नळीतील डिझेल हळूहळू टाकीकडे परतते. यालाच मिस्त्री ‘गाडीने एअर पकडली’ असे म्हणतात. तिसरे कारण पाण्याचे. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतील बाष्प थिजून तळाशी पाणी साचते; डिझेल व पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून काळपट चिकटा धरतो आणि फिल्टर तुंबतो. कोकण, गोवा, बेळगाव अशा पावसाळी मुलखात हे विशेष जपावे. उंदरांचा उपद्रव निराळाच. ते वायरी कुरतडतात आणि एअर फिल्टरच्या डब्यात बिऱ्हाड थाटतात. म्हणून किल्लीला हात लावण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहावे.

आता परीक्षेचा क्रम. आधी कानाने ऐकावे. सेल्फ ‘टक्’ करून थांबत असेल वा कण्हत फिरत असेल, तर प्रथम बॅटरी भरून आणावी आणि तिची टोके घासून घ्यावीत. सेल्फ जोराने फिरूनही गाडी सुरू होत नसेल, तर कोणास सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावयास सांगावे. धूर मुळीच नसेल, तर डिझेल पोहोचत नाही. फिल्टरखालचे पाणी काढावे आणि हातपंप असल्यास तो घट्ट होईपर्यंत दाबून हवा काढावी. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल येते पण पेटत नाही; तेव्हा हीटर प्लग तपासावेत. १९९८ साली आलेल्या इंडिकासारख्या जुन्या धर्तीच्या इंजिनांत या प्लगांचे महत्त्व फार. समोरचा वेटोळ्याच्या खुणेचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारू नये. सेल्फही एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये मिनिटभर विसावा द्यावा. नाहीतर बॅटरीबरोबर सेल्फही जळतो.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात, असे आम्ही बजावून सांगतो. जुन्या गाड्यांत नोझलची नळी सैल करून एअर काढीत; नव्या कॉमन रेल गाडीत तसे करू नये. तेथे डिझेलचा दाब हजार बारहून अधिक असतो आणि तो फवारा कातडी भेदून शरीरात शिरतो. तसेच हीटर प्लगच्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नये. भलत्या वेळी भडका उडून इंजिन फुटू शकते. धक्का मारण्याचेही तेच. संगणकावर चालणारी गाडी बॅटरी पूर्ण उतरली असता धक्क्याने सुरू होतच नाही.

याहून सोपा मार्ग दुखणे न येऊ देण्याचा. पंधरा दिवसांतून एकदा गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवावी. दारात पाच मिनिटे घुरघुरत ठेवल्याने बॅटरी भरत नाही. घरात चालविणारे कोणी नसेल, तर भाच्या-पुतण्यास हे काम नेमून द्यावे. महिनोन्महिने ठेवावयाचीच असेल, तर टाकी पूर्ण भरावी, बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि हँडब्रेक न लावता चाकांस ओट लावावी. किल्लीला एक चिठ्ठी बांधावी : गाडी शेवटची कधी चालविली, काय सोडविले आहे. मारुतीने २०२० साली डिझेल मोटारी बनविणे थांबविले. तेव्हा मोडीत काढलेल्या गाडीच्या जागी तशीच दुसरी मिळेलच असे नाही. चार महिन्यांनी दार उघडणाऱ्या मुलास ती चिठ्ठीच निम्मे निदान सांगेल; उरलेल्या निम्म्यासाठी मिस्त्री आहेच.