लहान बेटावरील निवांत सुट्टी : आखणीची सुरुवात पाण्यापासून

बंगळुरूच्या पूर्वेस असलेले होसकोटे एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते. आज औद्योगिक वसाहतींमुळे ते महानगराशी जवळजवळ जोडले गेले आहे. येथील नोकरदार कुटुंबास चार-पाच दिवसांची सुट्टी मिळाल्यास शांत समुद्रकिनाऱ्याची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लक्षद्वीपला भेट दिल्यानंतर या बेटांविषयीचे कुतूहल देशभर वाढले. मात्र तेथील सुट्टी निवांत जावी असे वाटत असेल, तर तिची आखणी बेटाच्या मर्यादा ओळखूनच करावी लागते.

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे असून त्यांपैकी १० बेटांवर कायमची लोकवस्ती आहे. सर्व बेटांचे एकत्रित क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३ इतकी होती. १९६७ च्या नियमांनुसार बाहेरून येणाऱ्यांना प्रवेश परवाना घ्यावा लागतो. त्यामुळे परवाना, निवास आणि परतीचा प्रवास या तिन्ही गोष्टी निश्चित झाल्याशिवाय रजा मंजूर करून घेण्याची घाई करू नये.

होसकोटेहून देवनहळ्ळीजवळचा केंपेगौडा विमानतळ सोयीचा आहे. विमान कोचीमार्गे अगत्ती बेटावर पोहोचते. ३१ मार्च २०२४ रोजी बंगळुरूहून अगत्तीसाठी थेट सेवाही सुरू करण्यात आली होती. वेळापत्रक बदलत असल्याने तारीख ठरविण्यापूर्वी ते तपासून घ्यावे. अगत्तीची धावपट्टी लहान असल्याने तेथे छोटी विमाने उतरतात व जागा मर्यादित असतात. कोचीहून जहाजानेही जाता येते. मात्र त्यास बेटानुसार साधारण चौदा ते वीस तास लागतात. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ त्या मानाने अनुकूल असतो.

पाच दिवसांत तीन बेटे पाहण्याचा अट्टहास केल्यास सुट्टीचा बराचसा भाग धक्क्यावर आणि होडीतच जातो. एकच बेट निवडून तेथेच मुक्काम करणे आणि परतल्यावर कामावर रुजू होण्यापूर्वी एक दिवस मोकळा ठेवणे अधिक श्रेयस्कर ठरते.

या आखणीत पाण्याचा विचार सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रवाळापासून बनलेल्या या बेटांवर नद्या नाहीत. पावसाचे पाणी सच्छिद्र जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. उपसा वाढला की खारे पाणी वर चढते आणि विहिरी निकामी होतात. शोषखड्ड्यांतील सांडपाणीही याच थरात झिरपते. २००५ मध्ये कवरत्ती येथे समुद्राच्या पृष्ठभागावरील आणि खोल भागातील पाण्याच्या तापमानातील फरकाचा उपयोग करून दररोज एक लाख लिटर गोडे पाणी तयार करणारा प्रकल्प सुरू करण्यात आला, तो याच टंचाईमुळे. ज्या होसकोटे परिसरात भूजलाचा अतिवापर झाला आहे आणि ज्या बंगळुरूने २०२४ च्या उन्हाळ्यात तीव्र पाणीटंचाई अनुभवली, तेथील प्रवाशांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पाहुण्याने शॉवरखाली घालविलेली दहा मिनिटे यजमानांच्या विहिरीतून वजा होत असतात.

दुसरी मर्यादा प्रवाळांची आहे. प्रवाळभिंत लाटांचा जोर अडविते. तिच्या आधारानेच बेट टिकून आहे. समुद्राचे तापमान वाढल्याने १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये लक्षद्वीपमधील प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले, म्हणजे ते पांढरे पडले. त्यामुळे पोहताना प्रवाळांवर पाय ठेवू नये. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने त्यांचे तुकडे आठवण म्हणून आणणे हा गुन्हा ठरतो. सोबत नेलेले प्लास्टिक परत आणावे. बेटांवरील समाज बहुतांशी मुस्लिम असून गावातून फिरताना वेशभूषेचे भान राखणे उचित ठरते.

थोडे सामान, एकच मुक्काम आणि पाण्याचा जपून वापर एवढी पूर्वतयारी झाली, की बेटावर पोहोचल्यानंतर करण्यासारखे फारसे काही उरत नाही. निवांत सुट्टीचा हेतूही तोच असतो.