बस पन्नासची, वाट एकाची

पावसाळा लागला की दर शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून ट्रेकच्या गाड्या सुटतात. गटात किती जण घ्यायचे, हे बहुतेक वेळा गाडीतल्या आसनांवरून ठरतं. भाडं, नाश्ता आणि लीडरचं मानधन 40-50 जणांत वाटलं गेलं की माणशी खर्च आवाक्यात येतो. आयोजकाचा हिशेब त्याच्या जागी चोख आहे, पण डोंगरावर तो लागू पडत नाही. जंगलात मुक्काम करायचा असेल, तर गटाची संख्या वाटेवरच्या सर्वांत अवघड कातळटप्प्यावरून आणि वरच्या पाण्यावरून ठरायला हवी. तसं केलं तर सह्याद्रीत ती 12-15च्या पुढे क्वचितच जाईल.

आधी पाण्याचं बघू. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर वाहतं पाणी कमी, टाकी जास्त. कातळात खोदलेलं टाकं पावसात भरतं आणि त्याच साठ्यावर पुढचे कोरडे महिने काढायचे असतात. ओढ्यात कुणी भांडं विसळलं तर घाण निदान वाहून तरी जाते; टाक्याच्या काठावर खरवडलेली खिचडीची करप, तेलाचा तवंग, साबणाचा फेस सगळं आतच राहतं. ‘बायोडिग्रेडेबल’ असं छापलेला साबणही पाण्यात टाकायचा नसतो, कारण तो कुजायला मातीतले जिवाणू लागतात. पिण्याला आणि रांधायला माणशी चार लिटर धरले तरी 50 जणांना एका रात्रीत 200 लिटर पाणी लागतं, आणि तेवढ्यासाठी किती हात, किती डबे, किती बाटल्या त्या टाक्यात बुडतात! शौचाची गोष्ट याहून अवघड. पाण्यापासून 60-70 मीटर दूर जावं, वीतभर खड्डा खणावा आणि नंतर बुजवावा, हा जगभर दिला जाणारा सल्ला खोल मातीच्या जंगलासाठी उत्तम आहे. गडमाथ्यावर मात्र पुष्कळ ठिकाणी चार बोटं मातीखाली थेट कातळ लागतो. तिथे वीतभर खणायचं कसं? दहा-बारा जण झाडी आणि माती शोधत पांगू शकतात. पन्नास जणांना पुरेल एवढी माती वर नसते, आणि पुढच्या सरीत सगळं उताराने खालच्या टाक्याकडे निघतं.

मोठा गट सुरक्षित असतो, हा सर्रास केला जाणारा दावा. तो कातळटप्प्यावर तपासून बघावा. ओल्या खडकावर एका वेळी एकच माणूस चढतो. प्रत्येकाला दोन मिनिटं लागली तरी 50 जणांना 100 मिनिटं लागतात. तोवर वर पोचलेले वाऱ्यात कुडकुडतात, खालचे निथळत उभे राहतात आणि उतरताना अंधार पडतो. एका रेषेत तीन-तीन मीटर अंतर ठेवून चालणाऱ्या 50 जणांची रांग दीडशे मीटर होते. धुक्यात पुढच्या लीडरला शेवटचा माणूस दिसणं शक्यच नाही. मार्च 2018 मध्ये तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात तीसहून अधिक ट्रेकर वणव्यात सापडले आणि त्यातले वीसहून अधिक दगावले. वणवा काही गटाच्या आकारामुळे पेटला नव्हता. पण वाळलेल्या गवताच्या उतारावर वारा सुटलेला असताना एवढी माणसं एका हाकेवर एका दिशेला वळवणं किती दुरापास्त असतं, हे त्यातून दिसलं. अर्थात दोघा-तिघांनीच जाणंही धोक्याचं. एक जण जायबंदी झाला, तर एकाने त्याच्याजवळ थांबावं आणि दोघांनी मदतीला धावावं, म्हणजे किमान चौघं हवेतच.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. पायदळी तुडवण्याने जमिनीची सर्वांत जास्त हानी पहिल्या काही फेऱ्यांतच होते आणि पुढची प्रत्येक फेरी तुलनेने कमी भर घालते, असं या विषयाचा अभ्यास सांगतो. मग एका मोठ्या गटाचे चार छोटे केले आणि चौघांनी चार नव्या वाटा पाडल्या, तर नुकसान वाढणारच. म्हणून लहान गटांनीही मळलेली वाट आणि वापरातली मुक्कामाची जागाच धरावी. तेवढ्यानेही भागत नाही, कारण 12 जणांचे वीस गट एकाच रात्री एकाच पठारावर उतरले तर टाक्याला फरक तो काय? मर्यादा गटाला हवी तशी जागेलाही हवी. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बुग्यालांवर, म्हणजे हिमालयातल्या उंच कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि पर्यटकांची संख्या 200 वर आणली. उपाय सरसकट होता, पण रोख बरोबर होता. कळसूबाईला नवरात्रात एवढी गर्दी चालते, मग ट्रेकर्सनाच का अडवता, असंही विचारलं जातं. यात्रा वर्षातले मोजके दिवस असते, ठरलेल्या वाटेने चढते आणि बरीचशी त्याच दिवशी उतरते. शनिवार-रविवारची गर्दी महिनोन्‌महिने हटत नाही.

राहिला गावकऱ्यांच्या पोटाचा प्रश्न. हरिश्चंद्रगडाखालचं पाचनई किंवा राजमाचीची उधेवाडी यांना येणाऱ्या माणसांचा आधार आहे, आणि गर्दी कमी करा असं शहरात बसून सांगणं सोपं असतं. पण माथ्यावर स्वतःचे तंबू ठोकणारा गट गावात फार तर पिठलं-भाकरीचे पैसे ठेवतो. तोच गट गावातल्या पडवीत झोपला आणि पहाटे वाटाड्या घेऊन वर गेला, तर मुक्कामाचे आणि वाटाड्याचे पैसेही गावातच राहतात आणि टाकंही वाचतं. खर्च थोडा वाढेल, हे मान्य. तो फार वाढू द्यायचा नसेल, तर गाडी खुशाल पन्नासची न्यावी, पायथ्याशी चार गट करावेत, प्रत्येकाला वेगळा वाटाड्या द्यावा आणि तासातासाच्या अंतराने सोडावेत. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट मात्र नवख्यांच्या गटाने, तो कितीही छोटा असला तरी, धरू नये.