दोघांची गोल्फ-सहल (भाग ४) : सेंट अँड्र्यूजची सोडत आणि आठवड्याची मांडणी

मागच्या भागात देश आणि महिना ठरला: स्कॉटलंड, मेचा उत्तरार्ध. आता प्रत्यक्ष आठवडा मांडायचा आहे.

तयार पॅकेजं बहुतेक चार किंवा आठ जणांच्या कंपूसाठी बेतलेली असतात. रोज नवं मैदान, रोज मिनीबस, दर दुसऱ्या रात्री नवं हॉटेल. नवरा-बायकोने ती नक्कल करू नये, असं माझं ठाम मत आहे. दोघांनी एकाच गावात आठवडाभर मुक्काम ठोकावा आणि तिथून पायी किंवा बसने खेळायला जावं. त्यासाठी फाइफ परगण्यातल्या सेंट अँड्र्यूजसारखं दुसरं गाव नाही. समुद्रालगतच्या वालुकामय जमिनीवर ओल्ड, न्यू, जुबिली, ईडन, स्ट्रॅथटायरम ही अठरा होलची मैदानं आणि नऊ होलचं बालगोव्ह एकमेकांना लागून आहेत. सातवं, २००८ साली खुलं झालेलं कासल, गावाबाहेर कड्यावर आहे. ही सगळी मैदानं सार्वजनिक आहेत. त्यांचा कारभार लिंक्स ट्रस्ट पाहतो आणि ती कुठल्याही क्लबच्या मालकीची नाहीत. हे आपल्याकडच्या गोल्फरला सांगावं लागतं, कारण इथे मैदान म्हटलं की सभासदत्व आणि ओळख आलीच.

सगळ्यांना खेळायचं असतं ते ओल्ड कोर्सवर. तिथल्या काही वेळा आदल्या वर्षीच अर्ज करून मिळतात, पण सामान्य प्रवाशाचा मार्ग म्हणजे रोजची सोडत. ती नीट समजून घ्या, कारण अख्खा आठवडा तिच्याभोवती बसवायचा आहे. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत नावं द्यायची आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत निकाल पाहायचा. गुरुवारी खेळायचं तर मंगळवारी नावं, सोमवारसाठी शनिवारी. नावं ऑनलाइन देता येतात, त्यामुळे पहिल्या सोडतीसाठी गावात पोचलेलं असण्याचीही गरज नाही. अर्जात किमान दोन खेळाडू लागतात, म्हणजे जोडप्याचं गणित आपोआप जमतं. रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो आणि गावातली माणसं कुत्री-मुलं घेऊन तिथे फिरायला येतात. त्या संध्याकाळी तुम्हीही जा. अठराव्या होलच्या स्विल्कन पुलावर उभं राहा, बंकरच्या काठावरून आत डोकावा, हिरवळीचे चढउतार पायांनी चाचपून घ्या. दोन होलना मिळून एकच हिरवळ असा प्रकार इथे सात ठिकाणी आहे. चुकीच्या टोकाला चेंडू पडला तर पटिंग किती लांबचं होतं, ते त्या फेरीत कळतं.

आता हिशेब पाहा. शनिवारी पोचून पुढच्या शनिवारी निघालात तर सोमवार ते शुक्रवार अशा पाच सोडती मिळतात. तीन रात्रींच्या पॅकेजमध्ये जेमतेम दोन. सोडत लागेलच असं कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळे जास्त रात्री हाच खरा उपाय. आगाऊ पक्के राउंड मात्र दोनच ठेवा, एक न्यू किंवा जुबिलीवर आणि एक ईडनवर. बाकीचे दिवस मोकळे असू देत. मेअखेरीस साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे सकाळचा पक्का राउंड आणि दुपारची सोडत एकाच दिवशी आली तरी खेळून होतं. अर्थात पायात तेवढा जोर हवा, कारण ओल्ड कोर्सवर सर्वसाधारण खेळाडूला बग्गी मिळत नाही. हंगामात तिथली ग्रीन फी माणशी तीनशे पौंडांच्या वर जाते. ही रक्कम वेगळी काढून ठेवा. सोडत लागली नाही तर त्यात उरलेल्या आठवड्याचे सगळे राउंड निघतात.

दोघांचा खेळ सारखा नसेल तर? बहुतेक घरांत तो नसतोच, आणि माझ्या मते सहलीची आखणी कमी मुरलेल्या खेळाडूच्या बाजूने करावी. ओल्ड कोर्सवर दोघांनाही हँडिकॅपचा दाखला लागतो. एकाकडे तो नसेल तर एकट्या खेळाडूंसाठी वेगळी सोय आहे आणि दुसऱ्याने सोबत चालावं. नवशिक्याने बालगोव्हपासून सुरुवात करावी. आणि ओल्ड कोर्सशेजारीच ‘हिमालयाज’ आहे, नुसत्या पटिंगचं, उंचवट्या-खळग्यांचं मैदान. १८६७ साली इथे स्त्रियांचा पटिंग क्लब स्थापन झाला. खांद्याच्या वर हात नेऊन फटका मारणं बायकांना शोभत नाही, अशी तेव्हाची समजूत होती. तो क्लब आजही आहे, आणि ठरलेल्या वेळी पाहुण्यांना थोडक्या पौंडांत खेळू देतो. कधीच न खेळलेला माणूसही इथे तासभर रमतो. या गावात बाईने खेळायला किती वाट पाहिली, तेही इथे आठवावं. ओल्ड कोर्सवर स्त्रियांची ब्रिटिश ओपन पहिल्यांदा झाली २००७ साली. ती लोरेना ओचोआने जिंकली. समोरच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सभासदत्व द्यायचं ठरवलं ते २०१४ मध्ये.

दोघंच असाल तर एकूण फटके मोजत बसू नका, मॅच प्ले खेळा. समजा त्याचा कोर्स हँडिकॅप १६ आणि तिचा २८. फरक १२. कार्डावर स्ट्रोक इंडेक्स १ ते १२ लिहिलेल्या होलवर तिला एकेक फटक्याची सूट. तिथे त्याचे पाच आणि तिचे सहा झाले तर होल बरोबरीत. समुद्रावरून वारा सुटला आणि एखाद्या होलवर तिचे दहा झाले, तरी नुकसान त्या एकाच होलचं. पुढच्या टीवर दोघं पुन्हा बरोबरीने उभे. स्कॉटिश लोकांना प्रिय असलेला फोरसमही करून पाहा. त्यात जोडीचा एकच चेंडू असतो आणि फटके आलटून पालटून मारायचे असतात. समोर दुसरी जोडी लागते, पण मोकळ्या संध्याकाळी नुसतं दोघांनी कार्डाविरुद्ध खेळायलाही तो उत्तम. वेळ कमी लागतो आणि दमणूकही.

एक दिवस किनाऱ्याच्या गावांसाठी ठेवा. बस क्रेल, अँस्ट्रदर करत जाते. क्रेलचा क्लब १७८६ सालचा आहे. अँस्ट्रदरचं मैदान नऊ होलचं, कड्याखालून जाणारं. आणखी पुढे ईलीला पहिल्या टीसमोर एवढा उंचवटा आहे की पुढची जोडी दिसतच नाही. म्हणून स्टार्टरच्या खोलीत पाणबुडीचा पेरिस्कोप बसवला आहे. त्यातून पाहून, वाट मोकळी झाली की स्टार्टर तुम्हाला सोडतो. तो तुम्हालाही पेरिस्कोपमधून पाहू देतो का, ते विचारायला लाजू नका.

पोचायचं कसं? सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही. एडिनबरा विमानतळावरून ट्रामने शहराकडे, हेमार्केटहून आगगाडीने लूकर्स आणि तिथून बसने पंधरा मिनिटांच्या आसपास. गाडी फोर्थच्या लाल पुलावरून जाते. उत्तरेला जाताना उजवीकडची खिडकी धरा, पुलानंतर बराच वेळ समुद्र सोबत राहतो. हँडिकॅपचा दाखला घरच्या क्लबकडून आत्ताच मागून ठेवा. चेंबूर असो वा येरवडा, २०२० पासून हिशेबाची पद्धत जागतिक आहे, त्यामुळे इथला आकडा तिथे चालतो. व्हिसाचे अर्ज दोघांचे स्वतंत्र भरावे लागतात, आणि ते प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतात, त्याहून आधी नाही. तोवर राहण्याची जागा रद्द करता येईल अशीच घ्या. २०२७ च्या जुलैत ओपन स्पर्धा इथेच आहे. त्या वर्षी जाणार असाल तर मैदानांचं वेळापत्रक आधी पाहा, मगच विमानाची तिकिटं काढा.

पुढच्या भागात सामान: दोन पूर्ण सेट न्यायचे, सात-सात क्लबच्या दोन हलक्या बॅगा न्यायच्या, की तिथे भाड्याने घ्यायचे. एकाच सेटवर दोघांनी खेळणं तिथल्या बहुतेक क्लबांना चालत नाही, एवढं तोवर धरून चाला.